दुपारी बारा वाजता शिट्टी मारणारा गुरखा

सध्या इन्स्टा उघडलं की मुलांना झोप आणणाऱ्या गमीची जाहिरात येतेच येते. अस्वलाच्या आकाराची, स्ट्रॉबेरीच्या चवीची, एक चघळायला दिली की पोरगं दहा मिनिटांत ढाराढूर. खाली कमेंटमध्ये एक आई विचारते की आमचा ऑटिस्टिक आहे त्याला चालेल का, दुसरी कुणीतरी सांगते आम्ही दोन देतो मस्त चालतं, तिसरी लिंक मागते. वाचून माझ्या पोटात गोळा येतो. गमी म्हणजे विष आहे असं मला म्हणायचं नाहीये. पण त्या पन्नास-साठ कमेंटमध्ये एकही माणूस हे विचारत नाही की बाई, तुझ्या मुलाला झोप का येत नाहीये?

माझ्या बहिणीला हा प्रश्न कुणीतरी विचारेपर्यंत भाचा चार वर्षांचा झाला होता.

तो जन्मला तेव्हा सगळे म्हणायचे किती शहाणं बाळ आहे, रडत म्हणून नाही, उलट दूध प्यायला उठवावं लागायचं. दीड वर्षाचा झाला आणि चित्र पालटलं. संध्याकाळी सातला जेवता जेवता ताटावर मान टाकायचा. बाराला जागा. दीडला परत झोपला तर अडीचला परत जागा, आणि पहाटे चारला तर सूर्य उगवल्यासारखा ताजातवाना, कपाटं उघड, डबे उपस, ताईच्या पापण्या बोटांनी उघडून बघ. आणि मग सकाळी अकराला बालवाडीत बसल्या बसल्या आडवा. सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारच्या काकूंनी जायफळ उगाळून द्यायला सांगितलं, एका डॉक्टरांनी तर ताईलाच ऐकवलं की आई फार लाड करते, घरात शिस्त नाही. ताई त्या दिवशी रिक्षात बसून रडली होती हे मला खूप नंतर कळलं.

शेवटी एका तपासणीत निघालं की त्याच्या १७व्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गायब आहे. आजाराचं नाव स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, पण गेली दोन वर्षं ह्या विषयावर जे मिळेल ते वाचतोय आणि डॉक्टरांचं डोकं खातोय, त्यातून जे समजलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा पद्धतीने लिहितो.

झोप येते म्हणजे नेमकं काय होतं

झोप यायला दोन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. १९८२मध्ये अलेक्झांडर बोर्बेली नावाच्या शास्त्रज्ञाने ही मांडणी केली आणि आजही ती वापरतात.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. जितका वेळ जागं राहाल तितकी ती वाढत जाते, झोपलात की भागते. मेंदू दिवसभर काम करतो तेव्हा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो, आणि तो साचला की डोळे जड होतात. आपण चहा पितो तेव्हा त्यातलं कॅफिन ह्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे भूक मेलेली नसते, फक्त कळत नाही. संध्याकाळी सहाला दोन वडापाव खाल्ले की रात्री ताट नको वाटतं ना, तसंच संध्याकाळी सहाला तासभर झोपलेलं मूल रात्री दहाला झोपत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोब्बर वर साधारण २० हजार पेशींचा एक पुंजका आहे, ते आपलं मुख्य घड्याळ. हे घड्याळ नेमकं २४ तासांचं नसतं, बहुतेकांचं किंचित जास्त असतं, म्हणून ते रोज सकाळच्या उजेडाने मिळवून घ्यावं लागतं, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं टिकटिकतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं.

अंधार पडायला लागला की हे घड्याळ मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनियल ग्रंथीला सांगतं की सोड आता, आणि ती मेलाटोनिन सोडते. हा शब्द पुढे सारखा येणार आहे म्हणून नीट सांगतो. मेलाटोनिन म्हणजे झोपेचं औषध नव्हे. ते गल्लीतल्या गुरख्यासारखं आहे. गुरखा कुणाला झोपवत नाही, तो काठी आपटत शिट्टी मारत फिरतो आणि सगळ्या गल्लीला कळतं की रात्र झाली, दिवे घालवा, दारं लावा. मेलाटोनिनही पोट, हृदय, मेंदू सगळ्यांना एवढंच सांगतं की रात्र झाली. नेहमीच्या झोपेच्या तास-दोन तास आधी ही शिट्टी सुरू होते, मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या सुमारास सगळ्यात जोरात असते, उजाडता उजाडता बंद.

आणि ह्या दोन्ही गोष्टी ठीक असल्या तरी तिसरी एक भानगड असू शकते, ती म्हणजे दारावरची थाप. भूक आहे, गुरखा फिरतोय, माणूस झोपलाही, पण कुणीतरी सारखं दार वाजवून उठवतंय. श्वास अडकणं, फिट, पाय वळवळणं, बद्धकोष्ठता, दातदुखी.

भूक, गुरखा आणि थाप. एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुढचं सगळं समजेल.

गुरखाच दिवसपाळीला लागला तर

स्मिथ-मॅजेनिस साधारण १५ ते २५ हजारांत एका बाळाला होतो. ॲन स्मिथ आणि एलन मॅजेनिस ह्या दोघींच्या नावावरून नाव पडलं, १९८०च्या दशकात त्यांनी त्याचं वर्णन केलं. बहुतेक मुलांत १७व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो आणि त्या तुकड्यात आरएआय१ नावाचं जनुक असतं, थोड्या मुलांत तुकडा जागेवर असतो पण ते एकच जनुक बिघडलेलं असतं. जवळजवळ नेहमी हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. (हे वाक्य ताईच्या सासरी मी तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवलंय.) साध्या गुणसूत्र तपासणीत हा तुकडा सुटू शकतो, आमचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला होता, मग मायक्रोॲरे नावाची जास्त बारीक तपासणी केली तेव्हा सापडलं.

ह्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांत मेलाटोनिनची वेळच उलटी असते. रात्री जेमतेम, आणि दुपारी बाराच्या आसपास सगळ्यात जास्त. म्हणजे गुरखा ऐन दुपारी बारा वाजता गल्लीत शिट्ट्या मारत फिरतोय आणि रात्री घरी जाऊन पडतोय. आता विचार करा, ज्या पोराच्या अंगात भर दुपारी रात्र झाल्याची दवंडी पिटली जातेय त्याला बालवाडीच्या बाई म्हणतात लक्ष नाही, चिडतो, डोकं आपटतो. तुम्हाला मध्यरात्री उठवून पाढे म्हणायला लावले तर तुम्ही काय कराल? आरएआय१ हे जनुक पेशीतल्या घड्याळाच्या जनुकांना हाकतं हेही आता कळलंय, म्हणजे घड्याळाच्या कारखान्यातच गडबड आहे.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच ठिकाणी गाळतात. ह्या सिंड्रोमच्या काही मुलांत मेलाटोनिनची वेळ जवळपास बरोबर निघाली आणि तरी झोप तशीच बिघडलेली. म्हणजे एकट्या गुरख्यावर सगळं ढकलता येत नाही.

पॅरिसच्या एलेन द लीर्सनायडर ह्या डॉक्टरीणबाईंनी एक डोकेबाज गोष्ट केली. घड्याळाचा निरोप पिनियल ग्रंथीपर्यंत ज्या वाटेने जातो ती वाट बीटा ब्लॉकर म्हणजे एरवी ब्लडप्रेशरला देतात त्या गोळ्यांनी अडवता येते. मग त्यांनी सकाळी बीटा ब्लॉकर देऊन दिवसाच्या गुरख्याचं तोंड बंद केलं, आणि पुढच्या टप्प्यात रात्री मेलाटोनिन देऊन भाड्याचा गुरखा उभा केला. २००१ आणि २००३ला हे छापून आलं. मुलं रात्री जास्त झोपली, दिवसा वागणं सुधारलं. मात्र मुलं किती, तर नऊ-दहा. एवढ्याशा आजारात हजार मुलं आणणार कुठून, दुर्मिळ आजारांचं रडगाणं हेच. आणि बीटा ब्लॉकर दमेकरी मुलाला धोक्याचा, हृदय तपासल्याशिवाय द्यायचा नाही, त्यामुळे ही गोष्ट वाचून कुणी आजोबांच्या डब्यातली गोळी काढू नये. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत टॅसिमेल्टिऑन नावाच्या औषधाला ह्याच सिंड्रोममधल्या रात्रीच्या झोपेसाठी परवानगी मिळाली, ते मेलाटोनिनच्याच कुलपाला लागणारी किल्ली आहे.

सगळ्यांचं एकच नसतं

आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक ताई आहेत, त्यांच्या मुलीला अँजलमन सिंड्रोम आहे. ती चार-पाच तास झोपते आणि हसत उठते. भाच्याला जे चाललं ते त्यांनी मुलीला देऊन बघितलं, फारसा फरक नाही. का नाही?

अँजलमनमध्ये १५व्या गुणसूत्रावरचं यूबीई३ए हे जनुक आईकडून आलेल्या प्रतीत बिघडलेलं किंवा गायब असतं. मेंदूच्या पेशींत ह्या जनुकाची वडिलांकडची प्रत मुळातच मिटलेली असते, सगळ्यांचीच, त्यामुळे आईची गेली की हातात काहीच उरत नाही. ह्या जनुकाशिवायच्या उंदरांवर २०१५मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांचं घड्याळ बऱ्यापैकी चालू आहे, पण झोपेची भूकच नीट साचत नाही. म्हणजे गुरखा जागेवर, भूक गायब! उंदरावरून माणसावर लगेच उडी मारू नये हे मान्य, पण त्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अहो हेच तर मी सहा वर्षं सांगतेय, तिला झोप लागतच नाही असं नाही, तिला ती नकोच असते. त्यात अँजलमनमध्ये फिट्स सर्रास, आणि कमी झोपेने फिट वाढते, फिटने झोप मोडते.

गंमत म्हणजे १५व्या गुणसूत्राचा तोच भाग वडिलांकडून आलेल्या प्रतीत गेला तर वेगळाच आजार होतो, प्रॅडर-विली. तिथे उलटं, मूल दिवसभर पेंगतं, आणि लठ्ठपणा आणि ढिले स्नायू ह्यामुळे झोपेत श्वास अडकतो. रेट सिंड्रोममध्ये, तो जवळजवळ मुलींनाच होतो, रात्री अचानक हसण्याचे नाहीतर किंचाळण्याचे प्रकार असतात, घरच्यांना काळजात धस्स होतं. डाऊन सिंड्रोम दुर्मिळ नाही पण तिथे श्वास अडकणं इतकं जास्त आहे की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की घोरत नसलं तरी चार वर्षांच्या आत एकदा स्लीप स्टडी करा. स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर अंगाला वायरी लावून श्वास, मेंदूच्या लहरी, ऑक्सिजन सगळं मोजणं. आमच्या भाच्याने पहिल्या वीस मिनिटांत सगळ्या वायरी उपटल्या, तो भाग वेगळा.

ऑटिझममध्ये काय होतं

इथे जरा थांबतो कारण वाचणाऱ्यांपैकी जास्त घरांत हाच विषय असेल. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांपैकी ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो. एक जनुक गेलं आणि झालं असं इथे नसतं, त्यामुळे तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या बिघडलेल्या सापडतात. काही मुलांत मेलाटोनिन कमी बनतं. काहींना काळजीने झोप लागत नाही, उद्या शाळेत गॅदरिंग आहे म्हणजे रोजचं वेळापत्रक बदलणार, हे डोक्यात घोळत राहतं.

आणि मग संवेदना. आपल्याला जो पंखा घरघरतोय हे दोन मिनिटांत ऐकू येईनासं होतं तो त्यांना रात्रभर ऐकू येतो. सेटटॉप बॉक्सचा लाल ठिपका, चादरीचा वास बदललेला, पायजम्याच्या आतलं लेबल. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपतात, कुणी रात्रपाळीवरून येतो, कुणी पाचला पाणी भरायला उठतं, नळाला आलेल्या पाण्याचा आवाज, बादलीचा आवाज. वेगळी शांत अंधारी खोली द्या असं परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण साडीचा जाड पडदा, लेबल कापणं, त्याची गादी भिंतीकडे सरकवणं, ठिपक्यावर काळी पट्टी चिकटवणं एवढं दहा बाय बाराच्या खोलीतही होतं.

थाप देणाऱ्या गोष्टींत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लोह. बरीच ऑटिस्टिक मुलं चार-पाचच पदार्थ खातात, पांढरा भात, दूध, बिस्कीट, चिप्स. लोह कमी पडलं की पायात काहीतरी वळवळतं, विशेषतः संध्याकाळनंतर, पाय हलवला की बरं वाटतं, स्थिर ठेवला की परत सुरू. मोठा माणूस हे सांगू शकतो. न बोलणारं मूल काय करणार? ते पाय झाडतं, उठतं, पळतं आणि आपण म्हणतो मस्ती करतोय. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, तर मग हे तपासायला काय हरकत आहे? आणि नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, फेरिटिन बघायचं, म्हणजे शरीराच्या कोठारात लोह किती आहे ते. पाय वळवळणाऱ्या मुलात ते ५०च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, भले लॅबच्या कागदावर २०सुद्धा नॉर्मल छापलेलं असेल. मनाने टॉनिक सुरू करू नका, लोह जास्त झालं तर तेही घातक.

आता आपल्या घरातला संध्याकाळचा चहा-बिस्कीट आठवा. त्या अर्ध्या कप चहातलं कॅफिन झोपेची भूक कळू देत नाही, आणि चहातलेच टॅनिन जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाहीत. एका कपात दोन नुकसानं. मी काही चहाचा दुश्मन नाही, हे लिहिताना दुसरा कप चालू आहे, पण पोराला नको.

"मोबाईल काढून घ्या, झोपेल गप"

हे सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. अर्धं खरं आहे त्यांचं. डोळ्यात काही खास पेशी असतात ज्या बघण्यासाठी नसून नुसता उजेड किती आहे ते घड्याळाला कळवण्यासाठी असतात, स्क्रीनचा उजेड त्यांना चिथावतो आणि मेलाटोनिन लांबतं. त्यामुळे झोपायच्या तासभर आधी मोबाईल बंद हे कुठल्याही मुलाला बरंच. पण भाच्याने दोन वर्षांचा होईपर्यंत मोबाईल हातात धरला नव्हता आणि तरी तो अडीचला उठायचा. घड्याळ बिघडलेल्या पोराचा मोबाईल काढून घेतल्याने घड्याळ दुरुस्त होत नाही.

सवयीचा भाग मात्र नाकारू नये. आपण सगळेच रात्रीतून चार-पाच वेळा अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, सकाळी आठवतही नाही. समजा तुम्ही रात्रीच्या एसटीत आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलात आणि कराडला गाडी थांबल्यावर डोळा उघडला तर शेजारी अनोळखी मिशाळ माणूस. परत झोपाल का? मूल आईच्या थोपटण्यावर झोपलं आणि जाग आली तेव्हा थोपटणारा हात नाही, तर ते हात शोधत उठणार. म्हणून डॉक्टर सांगतात की शेवटचं डोळे मिटणं त्याचं त्याला जमू दे, आणि ते हळूहळू. आधी थोपटणं कमी, मग नुसतं शेजारी बसणं, मग दोन फूट लांब. बोलणं न समजणाऱ्या मुलाला चित्रांची पट्टी उपयोगी पडते, आंघोळ, दात, गोष्ट, दिवा बंद, रोज तोच क्रम. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०२०मध्ये ऑटिझमसाठी हेच सांगितलं, आधी दुसरे आजार शोधा, मग सवयी, आणि एवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन.

वजनदार गोधडी विकत घ्यावी का, हा प्रश्नही सारखा येतो. २०१४मध्ये ऑटिस्टिक मुलांवर नीट चाचणी झाली, झोप वाढली नाही, पण मुलांना आणि आईबापांना ती आवडली. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असेल तर तीच द्या, पैसे वाचतील.

"आमच्या वेळी जायफळ द्यायचे"

द्यायचे, खरं आहे. बाळगुटीत एक-दोन वळसे उगाळलेलं जायफळ असायचं. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचा पदार्थ असतो आणि प्रमाण वाढलं की ओकारी, धडधड, भ्रम असं होतं. गोम अशी आहे की आजी दोन वळसे द्यायची ते साध्या निरोगी नातवाला आणि कधीमधी. जे मूल रोजच झोपत नाही त्याला दोनाचे चार, चाराचे आठ कधी होतात कळत नाही, आणि त्यात ते फिटच्या औषधावर असेल तर आणखी पंचाईत.

सर्दी-खोकल्याचं सिरप झोपेसाठी देणं तर त्याहून वाईट. काही मुलांना त्याने झोप येण्याऐवजी उलटा चेव चढतो. प्रोमेथाझिन असलेलं सिरप दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेत त्याच्या बाटलीवर असतो. आपल्याकडे मेडिकलवाला ओळखीचा असला की काहीही मिळतं, त्यामुळे लिहिलं.

"मेलाटोनिन तर नैसर्गिक आहे, मग भीती कसली?"

आता परत त्या अस्वलाकडे. २०२३मध्ये अमेरिकेत २५ प्रकारच्या मेलाटोनिन गमी तपासल्या तर २२मध्ये डबीवर लिहिलंय ते आणि आत आहे ते जुळेना. कुठे लिहिलेल्याच्या ७४ टक्के, कुठे ३४७ टक्के, एकीत तर मेलाटोनिनच नाही. म्हणजे एका गमीत साडेतीन गमी! तिकडची ही तऱ्हा तर रीलवरून मागवलेल्या डबीवर मी का विश्वास ठेवू? शिवाय गोड अस्वल, डबा हाताशी लागला की पोरगं सगळा फस्त करणार.

औषध म्हणून नीट बनवलेलं मेलाटोनिन ही वेगळी गोष्ट आहे. २०१७मध्ये १२५ मुलांवरची एक चाचणी छापून आली, बहुतेक ऑटिस्टिक आणि काही स्मिथ-मॅजेनिसची. हळूहळू विरघळणाऱ्या, तीन मिलिमीटरच्या गोळ्या. तेरा आठवड्यांनी औषधवाली मुलं सरासरी ५७ मिनिटं जास्त झोपत होती, खोटी गोळी घेतलेली ९ मिनिटं. पुढच्याच वर्षी युरोपात ह्या दोन्ही आजारांच्या २ ते १८ वयाच्या मुलांसाठी तिला परवानगी मिळाली. ५७ मिनिटं म्हणजे काय असं कुणी विचारेल. ज्या घरात आई तीन वर्षं सलग चार तास झोपलेली नाही तिला विचारा.

पण मेलाटोनिन हा गुरखा आहे हे विसरू नका. तो वेळेवर आला पाहिजे, त्याचं मोठ्याने ओरडणं कामाचं नाही. मूल अकराला झोपत नाही म्हणून अकराला डबल डोस, हे चुकतं. किती आणि किती वाजता हे डॉक्टरच ठरवतील, मी आकडे मुद्दाम लिहीत नाहीये. आणि ज्या मुलाची झोप श्वास अडकल्यामुळे मोडतेय त्याच्या गल्लीत दहा गुरखे उभे केले तरी दारावरची थाप थांबणार नाही, त्याच्या वाढलेल्या टॉन्सिल बघायला लागतील.

"मग आयुष्यभर गोळ्याच का?"

ताईनेही हेच विचारलं होतं. मेलाटोनिनचं झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांसारखं व्यसन लागत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर वयात येण्यावर वगैरे काय परिणाम होतो ह्याच्यावर अभ्यास चालू आहेत, आतापर्यंत दोन वर्षं घेतलेल्या मुलांत काही वाईट दिसलेलं नाही. म्हणून अधूनमधून डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून बघतात, गरज उरली आहे का. काही ऑटिस्टिक मुलांची गोळी सुटते. स्मिथ-मॅजेनिसमध्ये घड्याळाचा बिघाड मोठेपणीही राहतो. चष्मा लावणाऱ्याला आपण विचारतो का की आयुष्यभर काचाच का?

डॉक्टरकडे जाताना

दोन आठवडे एक वही करा. किती वाजता आडवं केलं, किती वाजता झोपलं, कितीदा उठलं, दिवसा कधी पेंगलं, चहा-चॉकलेट कधी, शौचाला झालं का. ताईची वही बघून जेनेटिक्सच्या डॉक्टरांना पाच मिनिटांत शंका आली होती, कारण दिवसा झोप आणि रात्री जाग हे कागदावर रांगोळीसारखं दिसत होतं. दुसरं, मोबाईलवर व्हिडिओ. घोरतं का, श्वास मध्येच थांबतो का, मान मागे टाकून झोपतं का, झटके येतात का. मोबाईलचा हा एक चांगला उपयोग.

जायचं कुणाकडे? विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट. खासगी परवडत नसेल तर २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे चौकशी करा. दुर्मिळ आजारांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या यादीतलं उत्कृष्टता केंद्र आहे. आणि नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझमसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, तिचा फॉर्म भरायला आळस करू नका, मी आठ महिने केला.

घरातली बाकीची माणसं

झोप न झालेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त चावतं, आपटतं, शिकलेलं विसरतं, थेरपीच्या बाई म्हणतात आज काही झालं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. आईचं कुणी मोजत नाही. ताई एकदा गॅस चालू ठेवून ओट्याजवळ उभ्या उभ्या झोपली होती. त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या, सोमवार ते गुरुवार एक आड एक ताई आणि भाऊजी, शुक्रवार सासूबाई (होय, त्याच, आता त्या दुसऱ्यांच्या सुनांना मायक्रोॲरे सांगतात), शनिवार मी. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत कानात कापूस घालून झोपायचं, मध्ये उठून बघायचं नाही, हा नियम ताईला पाळायला सगळ्यात जड गेला. खोलीत फक्त खाली गादी, खिडकीला जाळी, कपाटाला कुलूप, फिनेल-औषधं वर. तो उठला तरी स्वतःला लागून घेणार नाही एवढं झालं की अर्धी भीती जाते.

भाचा आता सहाचा आहे, साडेआठला झोपतो आणि रात्रीतून एकदाच उठतो, पण पहाटे साडेचारच्या पुढे काही सरकत नाही. डॉक्टर म्हणाले सकाळचा उजेड भरपूर द्या. म्हणून रविवारी पहाटे आम्ही दोघं कोल्हापुरातल्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बघायला जातो, मग रंकाळ्याच्या कडेने चालत चालत ऊन अंगावर येईपर्यंत. तो सगळ्या म्हशींना मिठी मारायला बघतो. मला सात वाजता जांभया येतात, त्याला अजिबात नाही.